मधली वीतभर झीज

माझ्या मिलिंग मशीनची तिन्ही चाकं सध्या पोटमाळ्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत. बिडाची, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली. तीस वर्षं मी ती फिरवली आणि एका रविवारी माझ्या मुलीने ती अर्ध्या तासात काढली. काढताना पाना मीच हातात दिला. सोळा-सतराचा लागेल, हेही मीच सांगितलं. जे सांगायला हवं होतं ते मात्र सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही हे आजही मला कुणाला तोंड वर करून सांगता येत नाही. म्हणून लिहितोय. लिहिताना समोर कोणी नसतं, एवढीच सोय.

माझे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले. गिरणी गेली तेव्हा मी नुकता आयटीआय करून कांदिवलीच्या एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात, चिकटलो होतो. तिथे मला हे मशीन मिळालं. ज्यांनी मिलिंग मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर कटर फिरतं, खाली जड टेबलावर काम बांधलेलं असतं, आणि ते टेबल डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवायला चाकं असतात. टेबलाच्या पोटातून एक लांब स्क्रू जातो. चाक फिरवलं की स्क्रू फिरतो आणि टेबल सरकतं. चाकावर बारीक रेघा असतात. किती रेघा फिरवल्या त्यावरून टेबल किती सरकलं ते कळतं. सगळा भरवसा त्या स्क्रूवर.

आता गोम अशी, की काम नेहमी टेबलाच्या मध्यावर बांधलं जातं. त्यामुळे स्क्रूही मध्येच झिजतो. दोन्ही टोकांना नवाकोरा आणि मधे वीतभर खाल्लेला, अशी त्याची अवस्था होते. त्या वीतभरात चाक सांगतं एक आणि टेबल थांबतं दुसरीकडे. फरक म्हणाल तर केसाच्या जाडीएवढा. पण आमच्या धंद्यात केसाएवढ्या फरकानेही माल भंगारात जातो.

मी त्याच्यावर तोड काढली होती. कुठे चाक एक रेघ जास्त फिरवायचं, कुठे दोन, कुठे चार, हे मी वर्षभर भंगाराच्या तुकड्यांवर चुका करून शोधलं होतं आणि टेबलाच्या कडेवर खडूने खुणा करून ठेवायचो. आमच्या टूलरूममध्ये एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. पाळी संपायच्या पाच मिनिटं आधी सुताचा बोळा रॉकेलमध्ये बुडवायचा आणि मशीनवरच्या आपल्या खुणा पुसून टाकायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय स्वच्छतेची आवड आहे या लोकांना. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्या दिसू नयेत. मला कुणी शिकवलं नाही, मीही कुणाला शिकवणार नाही, असा साधा हिशोब. ज्याच्याकडे हातचं काही राखलेलं असेल त्याला कंपनी काढत नाही, असं आम्ही मानायचो.

दुसऱ्या पाळीला त्याच मशीनवर वाकोल्याहून एक जण यायचा. माझ्यापेक्षा लहान, कामाला चोख, जेवणाच्या डब्यातलं अर्धं दुसऱ्याला वाटणारा. त्याच्या कामात मधली भोकं सरकायची. फोरमनने एकदा मला विचारलं, "मशीनमध्ये काही आहे का रे?" मी म्हटलं, "माझं काम बघा की साहेब." त्यांनी बघितलं. माझं काम बरोबर होतं. त्याला मेमो मिळाला आणि दोन महिन्यांत त्याची रवानगी पॅकिंगला झाली. जाताना त्याने मला कँटीनमध्ये चहा पाजला. मी तो प्यायलो.

पुढे टूलरूमच बंद झाली. हातचं राखलेलं कुणाच्याच कामी आलं नाही. निघताना ते मशीन मी भंगाराच्या भावात विकत घेऊन चारकोपला घरी आणलं. आमचं सेक्टरमधलं बैठं घर. दाराची चौकट काढून, खाली पाइप घालून हमालांनी ते पुढच्या खोलीत ढकललं. बायकोने देव्हारा मागच्या खोलीत नेला आणि आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपची कामं घ्यायला लागलो. घरी दुसरी पाळी नव्हती, त्यामुळे पुसायचीही गरज नव्हती. टेबलाच्या पुढच्या कडेवर मी स्क्रायबरच्या पोलादी टोकाने कायमचे ठिपके कोरले. एक ठिपका म्हणजे एक रेघ जास्त, दोन म्हणजे दोन. बरोबर मध्ये एका ठिकाणी चार ठिपके होते. माझ्याशिवाय ते कुणाला वाचता येणार नव्हते आणि मला तेच हवं होतं.

मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. मग चार वर्षं अंधेरीच्या एका कंपनीत संगणकावर चालणारी मोठी मशीनं सांभाळली. एक दिवस नोकरी सोडून घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, आपलं मशीन कॉम्प्युटरवर घेऊया. चाकांच्या जागी तीन मोटर लावायच्या, बाकी सगळं तेच. याची बॉडी एकदम सॉलिड आहे. मी घरूनच काम सुरू करते."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आहातच ना. एकदा सेट झालं की टेन्शनच नाही. ड्रॉइंग टाकायचं, बटन दाबायचं. कोणीही चालवू शकेल."

कोणीही. हा शब्द तिने मायेने वापरला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. माझा उजवा हात वर्षभरापासून कापायला लागला होता. कप बशीवर वाजायचा. ती ते बघायची आणि काही न बोलता कप स्वतः उचलून द्यायची. तिला मला मोकळं करायचं होतं. पण जे मला येत होतं आणि वाकोल्याच्या त्या माणसाला येत नव्हतं, ते आता कोणालाही येणार, हे मला सोसलं नाही. मला राग आला. स्वतःच्या पोरीचा राग. त्याला राग म्हणून मी स्वतःची समजूत घालतो, होता तो मत्सरच. दुसरी पाळी माझ्या घरातच उगवली होती.

कामाला ती जिद्दीने लागली. मोटर बसवायच्या जाड पट्ट्यांची ड्रॉइंगं स्वतः काढली, इस्टेटमधून त्या कापून आणल्या, तारांचा बॉक्स जोडला. मग मशीनला नवा रंग द्यायचा म्हणून जुना खरवडायला बसली. टेबलाची कड घासता घासता थांबली.

"बाबा, हे ठिपके कसले?"

"जुने आहेत."

"काही कामाचे?"

"नाही गं. असेच."

तिने पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागली. मी खुर्चीत बसून बघत होतो. एक एक ठिपका गेला. चार ठिपक्यांची जागा जायला वेळ लागला, कारण तिथे मी खोल कोरलं होतं. तिने पेपर बदलला, दुसरा घेतला, घामाने चिकटलेले केस मनगटाने मागे सारले आणि परत घासायला लागली. तेव्हा उठून तिचा हात धरला असता तरी चाललं असतं. मी पंख्याचा वेग वाढवला.

मोटर जोडायच्या आदल्या दिवशी ती टेबलाखाली वाकून बसली होती. जुन्या स्क्रूच्या जागी नव्या पद्धतीचा जाड स्क्रू बसवायचा तर टेबल खालून कापावं लागलं असतं, ते तिला नको होतं. तिने खालूनच विचारलं, "बाबा, स्क्रू चांगला आहे ना? तुम्ही सांगाल ते फायनल."

मी म्हटलं, "तीस वर्षं याच स्क्रूवर काम केलं. माझा माल एकदाही परत आला नाही."

यात एकही शब्द खोटा नाही. मी नंतर कितीदा तरी हे वाक्य मनात घोळवून पाहिलं, खोटं कुठेच सापडत नाही. तिने डाव्या टोकाला डायल लावून स्क्रूतला ढिलेपणा मोजला. तिथे तो नव्यासारखाच होता. "झकास," ती म्हणाली आणि पाने गोळा करायला लागली.

कॉम्प्युटर लागल्यावर तिने मला शेजारी स्टुलावर बसवून सगळं दाखवलं. वेग इथे लिहायचा, शून्य इथे धरायचं, गडबड झाली तर हे लाल बटन. मग एक कोष्टक उघडलं. "आणि हे बघा, स्क्रू कुठे किती झिजलाय ते इथे लिहायची पण सोय आहे. मग मशीन स्वतःच तेवढं जास्त फिरवतं. आपल्याला नाही लागणार हे."

कोष्टक रिकामं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं होतं, कॉम्प्युटर काहीतरी भलतंच, माझ्या डोक्यापलीकडचं करत असेल. तो तर माझंच काम करायला बसला होता, माझ्याच पद्धतीने. इथे एक रेघ जास्त, तिथे दोन. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि म्हटलं, "बरं आहे."

खंडेनवमीला तिने मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून पहिलं काम दसऱ्याला धरलं. बटन माझ्या हाताने दाबून घेतलं. टेबल आपोआप सरकायला लागलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. बायकोने पेढा मशीनपुढे ठेवला, मग माझ्या हातावर.

अंधेरीच्या एका कारखान्याने तिच्याकडे नमुना मागितला होता. अॅल्युमिनियमची फूटभर पट्टी, तिच्यात सारख्या अंतरावर एका ओळीत बारा भोकं. नमुना पास झाला तर कायमचं काम मिळणार होतं, आणि ते मिळालं तर ती परत नोकरी धरणार नव्हती. असं तिने आम्हाला दोघांना बसवून सांगितलं होतं. तिने पट्टी केली, दिली आणि चौथ्या दिवशी ती परत आली. मधल्या पाच भोकांभोवती लाल मार्करने गोल केलेले.

मी ते गोल बघितले. माझे ठिपके जिथे होते तिथेच होते सगळे.

त्यानंतरचे पंधरा दिवस ती त्या खोलीतून जेवायलाच काय ती बाहेर यायची. पट्टे बदलले, मोटरच्या तारा बदलल्या, प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला. मशीन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते छान चालत होतं आणि दर वेळी त्याच पाच भोकांत चुकत होतं. एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली, हाताला काळं तेल तसंच.

"स्क्रूच तर नाही ना बाबा?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तिनेच मान हलवली आणि स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "नाही. मग तुमचा माल कसा पास व्हायचा? तोही हाताने करून. माझंच काहीतरी चुकतंय यार." आणि उठून गेली. माझंच वाक्य तिने मला परत ऐकवलं होतं. मला काही बोलावंच लागलं नाही.

बायको दारात उभी राहून हे बघत होती. ती अजून आपली मालवणीच बोलते. "पोरगी इतकी झिजता हा, तुमका कायच सुचणा नाय? मशीन तर तुमका सगळा ठावक."

"कॉम्प्युटरचं मला काय कळतं," मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि आत गेली.

दुसरी पट्टी परत आली. तिसरी करताना मी सांगायचं ठरवलं होतं. पण तोवर सांगणं सोपं राहिलं नव्हतं. आता सांगायचं म्हणजे ठिपक्यांचंही सांगायचं, स्क्रूचंही, कोष्टकाचंही. एक लपवलं की ते झाकायला दुसरं लपवावं लागतं आणि मग सगळ्याचा गठ्ठा होतो. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी तीन दिवस काढले. तिसरी पट्टी तिने पाठवलीच नाही. मोजली, टेबलावर ठेवली आणि मशीनचं मेन स्विच बंद केलं.

"मला हातातलं काम जमत नाही, बाबा," ती म्हणाली. रडत वगैरे नव्हती, साधं सांगत होती. "मी ड्रॉइंगवालीच. ते तुमचं जे आहे ना, ते माझ्यात नाही आलं."

"असं काही नसतं गं," मी म्हटलं.

महिन्याभरात तिला पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. दिवसभर स्क्रीनसमोर बसून ड्रॉइंगं काढायची. जायच्या आधी तिने मशीन पुसलं, तेल लावलं, वरून जुनी चादर घातली आणि ती सरकू नये म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. तारांच्या बॉक्सवर माझ्यासाठी चिठ्ठी चिकटवली, कुठलं बटन आधी आणि कुठलं नंतर. अक्षर मोठं काढलं होतं, मला चष्मा लागू नये म्हणून.

सहा महिने ती चादर तशीच होती. बायको त्या खोलीत केर काढायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. तिने काही ओळखलं होतं की नाही, मी विचारलं नाही. मग हवा दमट झाली, गंज धरेल म्हणून तेल लावायला मी चिमटे काढले. टेबलाच्या कडेवरून बोळा फिरवताना मधोमध बोट अडखळलं. चार ठिपक्यांपैकी एक पूर्ण गेला नव्हता. डोळ्याला दिसत नव्हता, नखाला लागत होता.

मी माझी जुनी पेटी काढली. डायल, मापाचे ठोकळे, व्हर्निअर. तिच्या चिठ्ठीप्रमाणे मशीन सुरू केलं. टेबल दहा-दहा मिलीमीटर सरकवायचं, खरं किती सरकलं ते मोजायचं, वहीत लिहायचं. हात कापत होता, पण आता चाक फिरवायचं नव्हतं, बटनच दाबायचं होतं. कापणाऱ्या हातालाही बटन दाबता येतं. दोन दुपारी गेल्या त्यात. मग ते कोष्टक उघडलं आणि एका बोटाने चाळीस आकडे भरले. तिच्याच प्रोग्रॅमवर, तिच्याच उरलेल्या अॅल्युमिनियमची एक पट्टी बांधली आणि बटन दाबलं. बारा भोकं. मोजली. मधली पाच दोनदा मोजली. सगळी बरोबर होती.

एवढंसं काम होतं. दोन दुपारचं. ती माझ्याजवळ बसून करती तर एका दुपारचं.

मी तिला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी होती, मागे ताटांचा आवाज येत होता.

"बाबा? सगळं ठीक ना?"

"तुझी पट्टी झाली. बारा भोकांची. आत्ताच काढली मशीनवर. बाराच्या बारा बरोबर आहेत."

"तुम्ही केलीत? कॉम्प्युटरवर? एकट्याने?" तिने विचारलं आणि मग हसली. इतक्या महिन्यांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. तिला मनापासून आनंद झाला होता, त्यात कुठेही खोट नव्हती. "बघा, मी म्हटलं होतं ना, मशीनमध्ये काही नव्हतं. माझंच चुकत होतं. पण काय केलंत नक्की? सांगा ना."

तिने सरळ विचारलं होतं. कोष्टक समोर स्क्रीनवर उघडं होतं. नुसतं वाचून दाखवलं असतं तरी पुरे होतं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "हाताला सवय असते."

"तेच तर," ती म्हणाली. "तेच मला नाही आलं."

ती आता दिवाळीला चार दिवस येणार आहे. पट्टी तिला बघायची आहे, आईला तसं दोनदा सांगून झालंय. कोष्टक अजून तसंच आहे. ते पुसायला मी दोनदा बसलो होतो. पहिला आकडा पुसला आणि परत भरला. आता नाही पुसणार. ती आली की मशीन सुरू केल्याशिवाय राहणार नाही, आणि सुरू केलं की कधी ना कधी ते कोष्टक उघडेल. चाळीस आकडे बघून तिला सगळं कळायला एक मिनिटही लागणार नाही, ती हुशार आहे. त्या वेळी मी तिच्याजवळ खोलीत असायला हवं. मला स्वतःची खात्री देता येत नाही. मी बहुतेक भाजी आणायला बाहेर पडलेला असेन.